एका आकड्याचा हट्ट

"माणसाच्या पेशीत किती जनुके चालू असतात?" असे कोणी विचारले की हल्ली मी त्याला उलट विचारतो, "तुम्हाला किती हवी आहेत?" विचारणारा बहुधा हसतो, निवृत्त मास्तरांना थट्टा सुचली आहे असे समजतो. पण यात थट्टा नाही. ८,००० हवी असतील तर ८,००० निघतील, १२,००० हवी असतील तर १२,०००, आणि फारच हौस असली तर १७-१८ हजारही काढून देता येतील. तीही एकाच नळीतल्या, एकाच यंत्राने एकाच दिवशी वाचलेल्या मालातून. त्यासाठी लबाडी करावी लागत नाही. एक उंबरठा जरा वर किंवा जरा खाली बसवला की झाले.

हा उंबरठा कोण बसवतो, कशाच्या आधाराने बसवतो, आणि बसवल्यावर तो तिथे आहे हे वाचकाला सांगतो की नाही, यावरच मला भांडावयाचे आहे. मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. पुढे जीवशास्त्राची मुले आकड्यांच्या गोण्या घेऊन दाराशी येऊ लागली तेव्हापासून या विषयाशी गाठ पडली. परक्या घरात जाऊन भांडी कुठे मांडावीत हे सांगू नये, एवढे मला समजते. पण भांडी मोजायला मलाच बोलावले असेल, तर मोजणी कशी करावी याबद्दल बोलण्याचा अधिकार मी सोडणार नाही.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे मागे जातो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच एक पोथी असते. तिच्यात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे १९ ते २० हजार. (हा आकडाही सुखासुखी हाती आला नाही. २००० साली अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी माणसाची जनुके किती यावर चक्क पैजा लावल्या. पहिल्या वर्षी एका बोलीला एक डॉलर. काहींची बोली दीड लाखाच्या वर गेली. २००३ साली निकाल लागला तेव्हा पहिल्या ठरल्या त्या सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्या ली रोवेन. त्यांची बोली २५,९४७. आणि तोही आकडा आज जास्तच ठरला आहे.) पोथी एकच असली तरी यकृताची पेशी एक अध्याय वाचते, मेंदूची दुसरा. जनुक वापरात आले की त्याच्या नकला आरएनएच्या रूपात निघतात आणि त्या नकलांवरून प्रथिन तयार होते. तेव्हा पेशीतला आरएनए गोळा केला, की तिथे कोणत्या अध्यायांचे वाचन चालले आहे ते कळावे, हा साधा विचार.

प्रत्यक्षात करतात ते असे. आरएनए काढावयाचा, त्यावरून उलट डीएनए बनवावयाचा, त्याचे बारीक तुकडे करावयाचे आणि शे-दीडशे अक्षरांचा एकेक तुकडा यंत्राकडून वाचून घ्यावयाचा. एका नमुन्यातून दोन-चार कोटी तुकडे सहज वाचून होतात. कोणता तुकडा कोणत्या जनुकाचा हे संगणक शोधतो आणि मोजदाद करतो. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या पासाडेना येथील बार्बरा वोल्ड यांच्या गटाने उंदराचा मेंदू, यकृत आणि स्नायू अशा रीतीने वाचून दाखवले, आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. लांब जनुकाचे तुकडे साहजिकच जास्त पडतात, म्हणून त्याच्या लांबीने भागावयाचे. एकूण वाचन कमीजास्त होते, म्हणून सगळे एका प्रमाणात आणावयाचे. त्या गटाने या मापाला आरपीकेएम म्हटले. आज बहुतेक ठिकाणी टीपीएम वापरतात. त्याचा अर्थ सोपा आहे : नमुन्यातल्या दर दहा लाख संदेशांत या जनुकाचे किती.

आता लक्षात घ्या, या साऱ्या खटाटोपात 'चालू' आणि 'बंद' हे शब्द कुठेच आलेले नाहीत. यंत्र सांगते : या जनुकाचे शून्य तुकडे, त्याचे एक, पलीकडच्याचे सात, आणि त्या तिसऱ्याचे चाळीस हजार. एक तुकडा मिळालेले जनुक चालू म्हणावे की बंद? सात मिळालेले? यंत्र मुके आहे. रेघ माणसालाच ओढावी लागते.

आणि माणसांनी ती कशी ओढली आहे पाहा. शरीराच्या निरनिराळ्या ऊतकांचे नमुने जमवणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या जीटेक्स प्रकल्पाने आपल्या विश्लेषणात जनुक विचारात घेण्यासाठी ०.१ टीपीएमचा उंबरठा ठेवला. स्वीडनचे रिकार्ड सँडबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ०.३ ठरवला. इंग्लंडमध्ये हिंक्स्टन येथून चालणारा एक्स्प्रेशन ॲटलस ०.५ च्या खालचे दाखवत नाही. स्टॉकहोमहून निघणाऱ्या मानवी प्रथिनांच्या सुप्रसिद्ध संग्रहाने १ धरला. येल विद्यापीठाचे ग्युंटर वाग्नर आणि त्यांचे सहकारी २०१३ साली म्हणाले, २ धरा. मापांची नावे थोडी निराळी आहेत हे मान्य; पण त्याने मुद्दा हलत नाही. सर्वांत ठेंगणा उंबरठा आणि सर्वांत उंच उंबरठा यांत वीस पटींचे अंतर आहे. आपल्याकडे दोन दुकानांतल्या किलोमध्ये वीस पटींचा फरक निघाला तर वजनमापे खात्याचा माणूस येईल.

याचा अर्थ हे सगळे मनमानी करतात असा नव्हे. सँडबर्ग यांच्या गटाने, जिथे कोणतेच जनुक ठाऊक नाही अशा दोन जनुकांमधल्या ओसाड जागांवर किती तुकडे पडतात ते मोजले. तो झाला नुसता गोंगाट. मग गोंगाटाला जनुक समजण्याची चूक आणि खऱ्या जनुकाला गोंगाट समजण्याची चूक यांचा तोल जिथे साधतो तिथे रेघ ओढली. सारा टाइखमान यांच्या केंब्रिजमधल्या गटाने २०११ साली दाखवले की सगळी जनुके लघुगणकाच्या पट्टीवर मांडली की दोन ढिगारे दिसतात : एक मोठा, प्रत्येक पेशीत एक किंवा अधिक नकला असलेल्या जनुकांचा, दुसरा लहान, सरासरीने पेशीत एक नक्कलही न भरणाऱ्यांचा. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत ट्रेव्हर हार्ट आणि सहकारी यांनी २०१३ साली या मोठ्या ढिगाऱ्याच्या उजव्या, निर्मळ बाजूवरून त्याची घंटेसारखी आकृती बसवली आणि शिखरापासून तीन प्रमाण-विचलने डावीकडे उतरून उंबरठा घातला. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर, जनुक वापरात असल्याच्या रासायनिक खुणा असतात. त्या खुणांशी त्यांनी आपली रेघ ताडून पाहिली. हे खरे काम. नमुना बदलला की उंबरठा आपोआप सरकतो, आणि का सरकला ते सांगता येते. अशा माणसांशी माझे भांडण नाही. त्यांच्या पायाशी बसून मी शिकलो आहे.

माझे भांडण आहे ते त्यांचा आकडा उचलून विचार तिथेच टाकून देणाऱ्यांशी. 'एक टीपीएमच्या वर असलेली जनुके चालू समजली' एवढे एक वाक्य पद्धतीच्या प्रकरणात ठोकून द्यावयाचे, आणि निष्कर्षात 'या पेशीत अमुक हजार जनुके क्रियाशील आहेत' असे, जणू निसर्गाने स्वतः येऊन कानात सांगितले, अशा थाटात लिहावयाचे. एकच का? तर एक हा आकडा गोल आहे, आणि मागच्याने तोच घेतला होता. याखेरीज कारण विचारले तर शंभरातले नव्वद गप्प बसतात.

या 'एक'चा अर्थ काय होतो तो हिशेब करून पाहू. सस्तन प्राण्याच्या मध्यम आकाराच्या पेशीत दोन-तीन लाख संदेश असतात असे धरतात. दहा लाखांत एक, म्हणजे अशा पेशीत एक-चतुर्थांश नक्कल. पाव नक्कल कोणत्याच पेशीत नसते. म्हणजे सरासरीने दर चार पेशींत मिळून एक. बरे, पेशी लहान आणि सुस्त असली, तिच्यात पन्नासच हजार संदेश असले, तर तोच एक टीपीएम म्हणजे वीस पेशींत मिळून एक नक्कल. एकीकडे चौघांत एक, दुसरीकडे विसांत एक, आणि आमचा प्रबंधकार दोन्हींना एकाच फूटपट्टीने 'चालू' म्हणून मोकळा होतो. वर दोन्ही पेशींची तुलना करून म्हणतो, हिच्यात पाचशे जनुके जास्त चालू!

रक्ताचे उदाहरण तर शाळेतल्या पोरालाही समजावे असे आहे. जीटेक्सच्या २०१५ सालच्या निबंधात दिसले की रक्तातल्या एकूण संदेशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक संदेश हिमोग्लोबिनच्या अवघ्या तीन जनुकांचे असतात. तिघांनी निम्म्याहून अधिक पंगत बळकावली. उरलेल्या हजारोंनी ४० टक्क्यांत भागवावयाचे. समजा एखादे जनुक या गर्दीत ०.६ टीपीएम दिसले. एकचा उंबरठा असेल तर ते बंद. आता प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे संदेश आधीच काढून टाकण्याची रसायने मिळतात आणि पुष्कळ जण ती वापरतात. ती वापरली की ०.६ चे १.५ होते. जनुक चालू झाले! रक्त तेच, माणूस तोच, पेशीत काडीचा फरक नाही. नळीत दोन थेंब जास्त पडले. मग चालू काय झाले? जनुक की प्रयोगशाळा?

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. लिहिताना 'पेशी' म्हणतात आणि मोजतात मात्र ऊतक. यकृताचा तुकडा घेतला तर त्यात यकृताच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या पेशी आल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आल्या, आधाराच्या पेशी आल्या. सगळे एकत्र वाटून त्याचा आरएनए काढलेला. गिरगावातल्या एखाद्या चाळीतल्या शंभर बिऱ्हाडांचा केर एकत्र केला आणि त्यात कोळंबीची साले सापडली, तर 'चाळीत कोळंबी शिजते' एवढे म्हणता येईल. प्रत्येक बिऱ्हाडी चिमूटभर शिजते, की तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच घरी टोपलीभर शिजते, हे त्या ढिगावरून कळावयाचे नाही. आणि पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी बिऱ्हाडाच्या नावावर ती साले खपवली, तर जोशीकाकू चाळ डोक्यावर घेतील, आणि ते योग्यच होईल.

यावर तरुण मंडळींचे उत्तर तयार असते : "सर, आता आम्ही एकेक पेशी सुटी वाचतो." खरे आहे. २००९ साली उंदराच्या कोवळ्या गर्भाच्या एकाच पेशीतले संदेश वाचून झाले, आणि २०१५ पासून तेलातल्या थेंबाथेंबात एकेक पेशी पकडून हजारोंनी वाचण्याची सोय झाली. या कामाचे मला कौतुक आहे. पण त्यातही जाळ्याची भोके मोठी आहेत. पेशीतल्या बहुतेक नकला वाचनापर्यंत पोचतच नाहीत. ज्या जनुकाच्या दोन-तीनच नकला आहेत ते सहज निसटते आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य पडते. शिवाय पुष्कळ जनुके सतत वाहत नाहीत; थोडा वेळ भराभर नकला काढतात आणि मग गप्प बसतात. ज्या क्षणी पेशी फोडली तो क्षण गप्पपणाचा असेल, तर शून्य. तेव्हा 'एका पेशीत दोन हजार जनुके चालू' असे कोणी म्हटले तर ती जाळ्याची हकीकत झाली, माशांची नव्हे.

जुन्या माणसांची आठवण इथे येते. १९७६ साली एडिंबरो येथे निकोलस हेस्टी आणि जॉन बिशप यांनी उंदराच्या यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांतले संदेश किती प्रकारचे हे मोजले, तेही एक अक्षरसुद्धा न वाचता. संदेशावरून बनवलेला डीएनए आणि मूळ आरएनए एकत्र ठेवले की जोड्या जुळू लागतात. ज्या संदेशाच्या नकला फार त्याला जोडीदार लवकर भेटतो, विरळ संदेशाला उशिरा. जोड्या जुळण्याच्या वेगावरून त्यांनी यकृत आणि मूत्रपिंडात अकरा-बारा हजार प्रकार असावेत असा अंदाज केला. पण त्यांच्या निबंधाचे शीर्षक पाहा : त्यात एक आकडा नाही, विपुलतेचे तीन वर्ग आहेत. थोडेच प्रकार, पण प्रत्येकाच्या हजारो नकला; काही मध्यम; आणि बहुसंख्य प्रकार असे की पेशीत प्रत्येकाच्या मोजक्याच नकला. हाती वक्ररेषा होती, म्हणून त्यांनी वक्ररेषाच दाखवली. आज आमच्या हाती कोटी कोटी वाचने आहेत आणि त्यातून आम्ही काय देतो? एक आकडा!

हा हट्ट कसा पोसला जातो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका विद्यापीठात (नाव सांगत नाही) एका मुलीची तोंडी परीक्षा होती. तिने आपल्या तक्त्यात तीन उंबरठ्यांवरची तीन उत्तरे दिली होती, शेजारी कारणे दिली होती, आणि वाचन निम्मे केले तर कोणता आकडा किती घसरतो याचाही आलेख काढला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाने उलटली आणि म्हणाले, "एवढा पसारा कशाला? एक आकडा सांगा, बाई." ती माझ्याकडे पाहू लागली. मी बोललो, माझे कोणी ऐकले नाही. अखेर प्रबंधाच्या सारांशात एकच आकडा राहिला आणि आलेख परिशिष्टात गेला. परीक्षक समाधानाने जेवायला गेले. त्या मुलीला त्या दिवशी काय शिक्षण मिळाले याचा विचार त्यांच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. त्यांना उंबरठा नकोच असतो. एक तुकडा दिसला की त्यांच्या लेखी जनुक चालू. १९८९ सालीच पॅरिसच्या जामेल शेली आणि सहकाऱ्यांनी दाखवून ठेवले आहे की पुरेशा बारीक चाळणीने शोधले तर कोणत्याही जनुकाचा एखाददुसरा संदेश कोणत्याही जातीच्या पेशीत सापडतो. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्वचेच्या तंतुपेशीतही कुजबुजते! त्यांनी त्याला बेकायदा लेखन असे नावच दिले. हे ठाऊक असूनही २०१२ साली एन्कोड या प्रचंड प्रकल्पाने माणसाच्या डीएनएपैकी ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक कार्य आहे असे जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी त्याची दवंडी पिटली. कुठे तरी आरएनए निघाला की ते कार्य! ह्यूस्टनच्या डॅन ग्राउर यांनी २०१३ साली त्यावर जो आसूड ओढला तो वाचावा असा आहे. शास्त्रीय नियतकालिकात इतका मनसोक्त राग क्वचितच छापून येतो. पुढे २०१८ साली स्टीव्हन साल्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीटेक्सचे जवळजवळ दहा हजार नमुने एकत्र वाचले, तेव्हा जनुकांच्या यादीत घेण्याजोग्या संदेशांखेरीज तीन कोटी संदेश असे निघाले की त्यांतले जवळजवळ सगळे निरर्थकच असावेत. तीन कोटी! पेशीची यंत्रणा म्हणजे काही सोनाराचा तराजू नव्हे. ती काम करताना सांडलवंड करतेच. सांडलेल्या प्रत्येक दाण्याला 'स्वयंपाक' म्हणावयाचे ठरवले, तर सगळी पोथी चालूच आहे, आणि मग 'चालू' या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, "काय बिघडले? पाचशे इकडे, पाचशे तिकडे. कोणाचे प्राण जातात?"

प्राण गेले आहेत. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत नऊ रुग्णांवर एक नवा उपचार झाला; त्याचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, एमएजीई-ए३ नावाचे प्रथिन ज्या पेशीत असेल तिला त्या ओळखून मारतील अशी त्यांना शिकवण देऊन परत सोडल्या. या कुळातली प्रथिने कर्काच्या गाठींत असतात आणि निरोगी प्रौढ शरीरात वृषणाखेरीज कुठे नसतात अशी समजूत होती. आणि वृषणातल्या त्या पेशी या शिपायांना दिसत नाहीत. पाच जणांच्या गाठी ओसरल्या. पण तिघांच्या मेंदूवर एक-दोन दिवसांतच परिणाम दिसू लागला आणि त्यांतले दोघे बेशुद्धीत जाऊन दगावले. नंतर माणसाच्या मेंदूचे नमुने अनेक रीतींनी, आरएनएच्या सखोल वाचनानेही, तपासले, तेव्हा त्याच कुळातले एमएजीई-ए१२ हे भावंड मेंदूत व्यक्त होत असल्याचे आढळले. शिकवलेल्या पेशी त्या भावंडालाही ओळखत होत्या. अनर्थाची सुरुवात तिथून झाली असावी, असे त्या डॉक्टरांनीच लिहिले आहे. त्यांनी हे दडवले नाही; आपण होऊन जगापुढे मांडले. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. मी एवढेच विचारतो : उद्या असाच एखादा उपचार आखणाऱ्या माणसाने आमचा तक्ता उघडला, 'मेंदू' या रकान्यात एक टीपीएमच्या खालचे जनुक 'बंद' असे वाचले आणि पुढचे पान उलटले, तर? मेंदूचा तुकडा वाटून काढलेल्या सरासरीत मूठभर पेशींचा आवाज कितीसा येणार? तिथे ०.२ हा आकडा लिहिलेला असता, शेजारी किती तुकड्यांवरून तो काढला ते असते, तर तो माणूस निदान थबकला असता. 'बंद' या शब्दाने त्याला थबकण्याचे कारणच ठेवले नाही.

आणि म्हणून मला 'व्यवहारात कुठे तरी रेघ ओढावीच लागते' हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. लागते, कोण नाही म्हणतो? शालान्त परीक्षेत ३५ गुणांवर आपण रेघ ओढतोच. पण ३४ गुणांच्या मुलाला गणित येत नाही आणि ३५ वाल्याला येते, असे कोणी शहाणा समजत नाही. आणि मुख्य म्हणजे गुणपत्रिकेवर गुण छापलेले असतात. नुसते 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण' छापून गुणांची वही जाळून टाकणाऱ्या मंडळाला आपण काय म्हणू? शिवाय रेघ कामाप्रमाणे बदलावी लागते. पेशीचा रोजचा कारभार कोण चालवतो हे पाहावयाचे असेल तर उंबरठा उंच ठेवा. हजारो क्षुल्लक नावांची अडगळ कमी होईल. विषारी ठरू शकणारे लक्ष्य निरोगी अवयवात आहे का हे पाहावयाचे असेल तर उंबरठा जमिनीला टेकवा आणि संशयाचा फायदा जनुकाला द्या. दोन्ही कामांना एकच आकडा वापरणे हे आळसाचे लक्षण आहे.

करता येण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि झालेलेही आहे. लंडनमध्ये सॅम्युएल मार्गेरा आणि युर्ग बेलर यांच्या गटाने २०१२ साली एका जातीच्या यीस्टमधले संदेश प्रमाणात न मोजता नगांत मोजले : एका पेशीत या जनुकाच्या किती नकला. तेव्हा स्पष्ट दिसले की वाढत्या पेशीत प्रथिने घडवणारी बहुतेक जनुके पेशीमागे एका नकलेच्या वर असतात आणि प्रथिने न घडवणारे बहुतेक लांब संदेश एका नकलेच्या खाली दडपलेले असतात. तिथे 'एक' या आकड्याला अर्थ आला, कारण तो पेशीतला एक होता, दहा लाखांतला नव्हे. नगांत मोजण्यासाठी ज्यांचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे बनवलेले संदेश नमुन्यात मिसळता येतात. त्यांतला ९२ संदेशांचा एक संच वर्षानुवर्षे बाजारात मिळतो. तो पेशी मोजून, पेशींच्या प्रमाणात घालावा लागतो, हा त्यातला कष्टाचा भाग. पण न घातल्यास काय होते तेही २०१२ सालीच रिचर्ड यंग यांच्या गटाने दाखवले आहे. मिक या जनुकाचा जोर वाढलेल्या पेशीत एकूण आरएनएच दोन-तीन पटींनी वाढतो. प्रमाणाच्या हिशेबात ही वाढ पार नाहीशी होते आणि जी जनुके खरोखर वाढली ती स्थिर, आणि जी स्थिर राहिली ती घटलेली दिसतात. सगळ्या गावाचा पगार दुप्पट झाला आणि शिरगणतीवाल्याने लिहिले, कोणाची स्थिती बदलली नाही!

"सर, हा संच महाग पडतो," असे मला सांगण्यात येते. आमच्याकडच्या प्रयोगशाळांचे हाल मला ठाऊक आहेत. रसायनासाठी सहा महिने कागद फिरतात. संच परवडत नसेल तर घालू नका. पण किती तुकडे वाचले, ओसाड जागांवर किती पडले, उंबरठा अर्धा केला आणि दुप्पट केला तर उत्तर कुठून कुठे जाते, हे लिहायला दमडीही लागत नाही. तक्ता संगणकात आहेच. एक दुपार लागेल.

माझ्याकडे अजूनही अधूनमधून प्रबंध तपासायला येतात. ज्यात चालू जनुकांचा एकच आकडा असतो आणि त्याच्या अलीकडेपलीकडे काही नसते, तो मी शेरा मारून परत पाठवतो. गेल्या दोन वर्षांत असे तीन पाठवले. दोन दुरुस्त होऊन आले, आणि त्यांतल्या एकात मुलाने आपण होऊन उंबरठ्याची पाच स्थाने घेऊन सुरेख वक्ररेषा काढली आहे. तिचा डावीकडचा लांबलेला उतार पाहत मी बराच वेळ बसलो होतो. तिसरा अजून यावयाचा आहे. मार्गदर्शकांचे पत्र मात्र आले आहे. आकडा नेमका किती ठेवला तर चालेल, ते कळवावे, असे त्यात लिहिले आहे.